पेरणीचा आठवडा आणि दोन वेण्या



सोयाबीनच्या बियाण्याबद्दल या महिन्यात बरीच पत्रे आली आहेत. त्यांची उत्तरे या लेखात मिळतील, पण जरा आडवाटेने मिळतील. आज मी तुम्हाला माझ्या घरातला एक आठवडा सांगणार आहे. कृषी विस्तार अधिकाऱ्याने बियाणे सोडून घरचे रडगाणे कशाला लावावे, असे तुम्ही म्हणाल. म्हणा. पण पुढे वाचा.

गोष्ट गेल्या वर्षीची, जूनच्या शेवटच्या आठवड्यातली. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात. तिकडे पुण्या-नाशकाकडे जूनच्या मध्यात घंटा वाजते, आपल्याकडे महिना संपत आला की वाजते. उन्हाच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण आपला पेरणीचा पाऊसही बहुतेक वर्षी याच सुमारास येतो. म्हणजे पाटी आणि पेरणी एकाच आठवड्यात दारात उभ्या. बियाण्याची बॅग, खताची पिशवी, दप्तर, वह्या, सगळे एकाच खिशातून. पैशाचे हे गणित आपण सगळे जाणतो. पण वेळेचेही एक गणित असते आणि ते घरात कोण सोडवते, हे मला वयाची पन्नाशी उलटेपर्यंत कळले नव्हते.

माझे घर वलगावला. अमरावतीहून परतवाड्याकडे निघालात की वलगाव लागते, पेढी नदीच्या काठी. मोठा मुलगा अकोल्याला शेतकीच शिकतो आहे. घरी आम्ही दोघे, उशिरा झालेली धाकटी मुलगी, एक गाय आणि चार एकर वावर. मुलगी सहावीत गेली होती. शनिवारी रात्री दर्यापूरहून निरोप आला की सासूबाईंचा पाय घसरून खुबा मोडला. रविवारी दुपारच्या एस.टी.ने बायको निघाली. निघताना तिने कॅलेंडरच्या जुन्या पानामागे कामांची यादी लिहून भिंतीला टोचली. मी ती वाचली, मान हलवली आणि मनात म्हटले, एवढेच ना! पंचायत समितीत मी एका वेळी वीस-वीस गावांचे खरीप नियोजन करतो.

यादीतले शेवटचे काम होते: "मागच्या पडवीतल्या गोणपाटावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडणे." तिने शनिवारी संध्याकाळी घरच्या सोयाबीनचे शंभर दाणे उगवण पाहण्यासाठी मांडून ठेवले होते. ही गोष्ट मी गावोगाव सांगत फिरतो. घरी ती दरवर्षी तीच करते.

सोमवारी साडेचारला उठलो. पहिल्या आठवड्यात शाळा सकाळची, सातला. गाईचे दूध काढणे हे काम पूर्वीपासून माझेच, ते सुरळीत झाले. मग भाकर. ज्वारीचे एकरी किती क्विंटल उत्पन्न यावे हे मी झोपेतही सांगेन, पण एका भाकरीच्या पिठाला पाणी किती, हे काही मला सांगता येईना. पहिली भाकर तव्यावर टाकताना हातातच फाटली. दुसरी तव्याला चिकटली. तोवर तिकडे दूध उतू गेले. शेवटी पोहे केले, तेही भिजवून जास्त वेळ राहिले. धाकटी काही बोलली नाही, मुकाट्याने खाल्ले. मुली अशा वेळी बोलत नाहीत, तेच जास्त लागते.

सव्वासहा वाजले आणि खरा प्रश्न उभा राहिला. शाळेत दोन वेण्या हव्यात, फितीसह. मी आयुष्यात दोर वळला आहे, बैलाची वेसण केली आहे. म्हटले, वेणी म्हणजे तीन पदरी दोरच. पण दोराचे डोके हलत नाही आणि दोर मधूनच "बाबा, दुखते" असे म्हणत नाही. एक वेणी कानाजवळ, दुसरी मानेवर अशी झाली, तेव्हा तिने आरशात पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मी तिला उचलल्यासारखी घेऊन शेजारी गेलो.

शेजारच्या वहिनी म्हणजे कष्टाळू बाई. दोन एकर कोरडवाहू, बाकी दोघा नवरा-बायकोची मजुरी. नवरा ट्रॅक्टरवर पेरणीला जातो. वहिनी टोबणीला, निंदणाला, पुढे वेचणीला. चुलीवर भाकर होती, कडेवर अडीच वर्षांचे पोर होते, दुसरीतला मधला समोर बूट शोधत होता. तेवढ्यात त्यांनी माझ्या पोरीला पुढ्यात बसवले आणि पाच मिनिटांत दोन्ही वेण्या घालून मोकळ्या झाल्या. भाकर करपली नाही.

तेव्हा माझे लक्ष गेले की त्यांची मोठी मुलगी घरच्याच कपड्यांत आहे. ती आठवीत गेली होती.

"ही काहून तयार झाली नाही, वहिनी?" मी विचारले.

"काय सांगू भाऊजी, टोबनी सुरू झाली ना. आठ-दहा दिवसांचीच तं मजुरी असते. या लहान्याले कोनापाशी ठेवू? टोबनी सरली का जाईन ते शाळेत."

अंगणवाडी तीन वर्षांनंतर. हे पोर अडीचचे. मी जरा अधिकाऱ्याच्या आवाजात सांगितले की आठवीचे वर्ष आहे, पहिले दिवस बुडवू नयेत, पुस्तके पहिल्या दिवशीच वाटतात.

"तुमचं बराबर हाय," वहिनी म्हणाल्या.

मंडळी, माझी सत्तावीस वर्षे नोकरी झाली. समोरचा माणूस "तुमचं बराबर आहे, साहेब" म्हणाला की काय समजायचे ते मी जाणतो. त्याचा अर्थ असा की तुमचे बरोबर आहे, पण आमचे जमणार नाही.

मुलगी काही बोलली नाही. आम्ही निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि माझ्या धाकटीला हळूच म्हणाली, "माह्या वाटची पुस्तकं ठेवजा म्हना सरले. मी येतो म्हना."

मंगळवारी माझी सभा होती, वलगावहून बऱ्याच अंतरावरच्या एका गावात, सकाळी अकराला. विषय बीजप्रक्रिया. वीस-बावीस पुरुष होते. बाई एकही नाही. मी नेहमीप्रमाणे विचारले, उत्तर नेहमीचेच आले, "साहेब, बाया टोबनीले गेल्या." अहवालात महिलांच्या उपस्थितीचा एक रकाना असतो. त्यात मी वर्षानुवर्षे एकच वाक्य लिहीत आलो आहे: "महिलांचा प्रतिसाद अल्प." त्या दिवशीही तेच लिहिले. लिहून वर मान केली तर खिशातला फोन वाजला. आमच्या गल्लीतले किराणावाले बोलत होते. शाळा पावणेबाराला सुटली, तुमची पोरगी ओट्यावर बसली आहे, दाराला कुलूप आहे. किल्ली माझ्या खिशात होती. यादीत वरून तिसरे वाक्य होते, "किल्ली शेजारी देऊन जाणे."

सभा अर्धी टाकता येईना. निघायला तीन वाजले. मोटारसायकलवर पेढीचा पूल लागला तसा मी थांबलो. का थांबलो ते सांगतो. गाडगेबाबांनी देह ठेवला तो याच ठिकाणी, पेढीच्या पुलाजवळ, अमरावतीला नेत असताना वाटेत. तारीख २० डिसेंबर १९५६. अंजनगावजवळच्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेला हा माणूस स्वतः शाळेत गेला नाही, पण कीर्तनात उभा राहिला की लोकांना सांगायचा की भांडी विका, हातावर भाकर खा, अंगावर कमी दराचे कपडे घाला, पण लेकराला शाळेत घाला. आम्ही वलगावचे लोक त्यांच्या नावाने किती अभिमान बाळगतो! आणि मी काल एक मुलगी शाळेच्या दिवशी घरात बसलेली पाहून बुरशीनाशकावर व्याख्यान द्यायला निघून गेलो होतो.

घरी आलो तर ओट्यावर कोणी नाही. शेजारी पाहतो तो चार पोरे ओळीने जेवायला बसलेली, त्यात माझी. मोठ्या मुलीने भाकरी केल्या होत्या आणि चून. भाकर चंद्रासारखी गोल. तेरा वर्षांची पोर, कडेवर भाऊ. मला तिचे कौतुक करावे की स्वतःची लाज वाटून घ्यावी ते कळेना. दोन्ही केले.

मग गोणपाट आठवले. रविवार संध्याकाळपासून मी त्याला हात लावला नव्हता. धावत पडवीत गेलो. गोणपाट ओले होते. धाकटी मागून म्हणाली, "बाबा, तुम्ही विसरला होता. मी शिंपडते." मोठी मुलगीही बघायला आली. हे काय, कशासाठी, असे तिने विचारले आणि मी ओट्यावर बसून तिला सगळे सांगितले. आता तेच तुम्हालाही सांगतो, म्हणजे पत्रांची उत्तरे होतील.

सोयाबीन हे स्वपरागी पीक आहे. प्रमाणित बियाणे एकदा आणले तर त्याच्या उत्पन्नातून पुढची दोन वर्षे घरचे बियाणे वापरता येते, दरवर्षी नवी बॅग घ्यायची गरज नाही. पण सोयाबीनचे टरफल फार पातळ आणि अंकुर अगदी टरफलाखालीच असतो. पोते डोक्यावरून आपटले, थप्पी उंच रचली, मळणीयंत्राचा वेग जास्त ठेवला, की दाणा वरून साबूत दिसतो आणि आतून मेलेला असतो. कापणीच्या वेळी शेंगा पावसात भिजल्या असतील तर आणखी वाईट. ते डोळ्यांनी कळत नाही. म्हणून उगवण पाहायची. बियाण्याच्या पोत्यांतून वरून, मधून, खालून मूठ-मूठ काढून मिसळा. त्यातले शंभर दाणे न निवडता मोजा. चांगले चांगले वेचाल तर स्वतःलाच फसवाल. ओल्या गोणपाटावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडा, वर दुसरे ओले गोणपाट घाला, गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज दोन वेळा पाणी शिंपडा, पण पाण्यात बुडवू नका. पाच-सहा दिवसांनी उघडा आणि निरोगी कोंब आलेले दाणे मोजा.

सत्तर किंवा जास्त आले तर एकरी ३० किलो बियाणे पुरे. सत्तरपेक्षा जितके कमी येतील, त्या प्रत्येक दाण्यामागे एकरी अर्धा किलो बियाणे वाढवा. साठच आले तर एकरी ३५ किलो. साठच्याही खाली आले तर ते बियाणे पेरू नका, घरी खा किंवा विका, पण वावरात घालू नका. इतकेच आहे. याला एक पैसा लागत नाही. लागते ते रोज दोन वेळा पाणी शिंपडणारे माणूस, आणि ते माझ्या घरी किती भरवशाचे आहे ते तुम्ही पाहिलेच.

मुलगी म्हणाली, "काका, आमच्या घरीबी गेल्या सालचं बियानं हाय. बाबा म्हनते चांगलं हाय." त्याच संध्याकाळी तिने त्यांच्या पोत्यांतले शंभर दाणे मांडले. न निवडता.

बुधवारी धाकटीच्या शाळेत पालकांची सभा होती, सकाळी दहाला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेलो. खरे सांगायचे तर अशी सभा असते हे मला माहीत होते, पण जायचे असते हे माहीत नव्हते. ते काम बायकोचे. नऊ-दहा पालक होते, त्यांत बाया दोन. गुरुजींनी हजेरीचे पुस्तक पुढे केले. सही करताना मागच्या वर्षीच्या पानावर माझी नजर गेली. खाली शेरा होता, "माता पालकांचा प्रतिसाद अल्प."

मला एकदम हसू आले. सगळे माझ्याकडे पाहू लागले. मग मी सांगितले की गुरुजी, हेच वाक्य कालच माझ्या हाताने मी लिहिले आहे आणि ज्या बाईबद्दल तुम्ही लिहिता तिच्याबद्दलच मी लिहितो. ती बाई सकाळी आठला वावरात जाते, सहाला येते. तुमची सभा दहाला, माझी अकराला. दोन्हीकडे तिची गैरहजेरी. गुरुजी समजूतदार माणूस. म्हणाले, "शाळेची वेळ माझ्या हातात नाही, साहेब. सभेची आहे."

शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला शाळेत शिकण्याचा हक्क आहे, हे आपण ऐकून असतो. पण त्याच कायद्याने शाळेच्या व्यवस्थापन समितीत किमान पाऊणहिस्सा पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत, हे फारसे कोणी ऐकलेले नसते. समितीत आपल्या गल्लीतली एखादी मजूर बाई आहे का, ते एकदा विचारा. असेल तर सभा संध्याकाळी घ्यायला सांगणे हे तिच्या हातात आहे. सभेतून उठताना गुरुजींनी मला बाजूला घेतले आणि विचारले की तुमच्या शेजारची आठवीतली मुलगी का आली नाही? तिची पुस्तके कपाटात ठेवली आहेत म्हणाले.

गुरुवारचे फार सांगत नाही. धुणे दोन दिवसांचे साचले होते, गाईने दावे तोडले, दुपारपासून आभाळ भरून आले आणि फोन सुरू झाले, "साहेब, पेरू का?" प्रत्येकाला तेच सांगत होतो. सोयाबीनला ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडू द्या, जमीन चांगली ओली होऊ द्या, मग पेरा. पाभर खोल जाऊ देऊ नका, दाणा तीन-चार सेंटिमीटरवरच पडला पाहिजे. आमच्या गोणपाटातले दाणे संध्याकाळी धाकटीने मोजले. ८१ आले. तिने लगेच आईला फोन करून सांगितले आणि त्याच दमात बाबा किल्ली घेऊन गेले होते तेही सांगितले.

त्या रात्री मी वहिनींकडे गेलो. या वेळी अधिकारी म्हणून नाही गेलो, भाकर कशी थापतात ते विचारायला गेलो, आणि ते खोटे निमित्तही नव्हते. बोलता बोलता म्हटले, पोरीला शाळेत पाठवायचे तर नेमकी अडचण काय आहे, तेवढीच सांगा. मजुरी सोडा असे मी म्हणत नाही. टोबणीचे दिवस गेले की ती मजुरी परत येत नाही, हे मला कळते. वहिनींनी नीट विचार करून सांगितले. मधला दुसरीत, तो शाळेतून खिचडी खाऊन बाराला येतो. मोठी बाराला आली की दोघांनाही पाहू शकते. अडचण आठ ते बारा एवढीच आहे. चार तास. लहान्याला चार तास कोण पाहील?

म्हणजे पाहा, एका मुलीचे अख्खे आठ-दहा दिवस चार तासांसाठी अडले होते. सोमवारी मी नुसता उपदेश केला नसता आणि हाच प्रश्न विचारला असता, तर चार दिवस वाचले असते.

गल्लीच्या टोकाला एक म्हातारी एकटी राहते. गुडघ्यांनी अधू, पण डोळे-कान शाबूत. तिच्याकडे गेलो. ती म्हणाली, "ठेवा माह्यापाशी. पन मले त्याच्यामांगं धावता येत नाई, रस्त्यावर गेला तं?" बरोबर होते तिचे. मी शुक्रवारी पहाटे, भाकरी करायच्या ऐवजी, बांबूच्या कमच्या आणि तार घेऊन तिच्या ओट्याला एक लहानसे फाटक करून दिले. दोन तासांचे काम. मोबदला काय, यावर वहिनी आणि म्हातारी यांच्यात बराच वाद झाला. म्हातारी काही घेईना, वहिनी फुकट ठेवेनात. फुकटचे उपकार आठ दिवसांच्या वर टिकत नाहीत, हे दोघींनाही ठाऊक होते. शेवटी ठरले की संध्याकाळी दोन भाकरी आणि कोरड्यास म्हातारीच्या घरी पोचते करायचे. म्हातारी म्हणाली, भाकरी पोरीच्या हातच्या पाहिजेत.

शुक्रवारी सकाळी मोठी मुलगी आमच्या दारात आली. गणवेश गेल्या वर्षीचा, जरा आखूड झालेला. माझ्या धाकटीच्या वेण्या तिनेच घातल्या आणि दोघी बरोबर गेल्या. मी पाहत उभा राहिलो, तेवढ्यात दूध पुन्हा उतू गेले.

शुक्रवारी रात्री पाऊस आला आणि शनिवारी दिवसभर पडला. रविवारी वहिनींचे यजमान सकाळी सहालाच दारात. ट्रॅक्टर आज मोकळा आहे, उद्या दुसऱ्याकडे जाणार, पेरून टाकतो म्हणाले. पाऊस पुरेसा झाला होता, तेव्हा मलाही नाही म्हणायचे कारण नव्हते. तेवढ्यात मुलगी आतून गोणपाट घेऊन आली. पाच दिवस झाले होते. तिने ओट्यावर उलगडले आणि ओळीओळीने मोजले. मग परत मोजले. ६४.

"काय झालं चौसष्टाले? चांगले तं आले," वडील म्हणाले.

"सत्तरले सहा कमी हायेत, बाबा. एका दान्यामांगं अर्धा किलो. म्हनजे एकरी तीन किलो जास्त. आपले दोन एकर. सहा किलो बियानं कमी पडते."

त्यांच्याकडे बरोबर ६० किलो होते, तीस-तीसच्या हिशेबाने राखलेले. तसेच पेरले असते तर वावर विरळ झाले असते. पीक विरळ झाले की दोन तासांमध्ये तण माजते आणि ऑगस्टात माणूस बियाण्याच्या नावाने खडे फोडतो. किंवा मग दुबार पेरणी, म्हणजे दुसरी बॅग उधारीची. आमच्याकडे घरचे बियाणे जास्तीचे होते, ८१ टक्क्यांचे. त्यातले सहा किलो मोजून दिले. सुगीला परत करायचे, असे ठरले, आणि त्यांनी ते केलेही.

बीजप्रक्रिया आम्ही ओट्यावरच केली. आधी बुरशीनाशक चोळून दाणे सावलीत सुकू दिले, मग पेरणीच्या अगदी आधी रायझोबियम आणि स्फुरद विरघळवणारे जिवाणू, दहा किलोला प्रत्येकी एक पाकीट, २५० ग्रॅमचे. हाताने हलके चोळायचे, नाहीतर ते पातळ टरफल सुटते. हे माझे रोजचे बोलणे. पण वहिनी जवळ उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांच्यासमोर मी हे पहिल्यांदा बोलत होतो. वीस वर्षांची शेजारीण, बियाणे साठवणारी, निवडणारी, सारवलेल्या कोठीत ठेवणारी तीच, आणि मी आजवर हे सगळे तिच्या नवऱ्याला चावडीवर सांगत होतो. त्यातले घरी किती पोचले असेल?

वहिनींनी पोरीला एवढेच विचारले, "हे शेकड्याचं शाळेत शिकवतेत का वं?" ती हो म्हणाली. वहिनींनी पदराने तोंड पुसले आणि ट्रॅक्टरकडे गेल्या.

आता सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. नोव्हेंबरात कापसाची वेचणी आली तेव्हा ही मुलगी पुन्हा नऊ दिवस घरी होती. त्या वेळी अडचण लहान्याची नव्हती, तिचे हातच हवे होते. किलोमागे मजुरी मिळते, त्यात तिच्या किलोंचीही भर होती. मी पुन्हा गेलो, या वेळी उपाय सुचला नाही. गुरुजींनी नऊ दिवसांचा अभ्यास संध्याकाळी तिच्याकडून करून घेतला, एवढेच झाले. यंदा ती नववीत जाते आहे. आमच्याकडे पुढची शाळा जवळ आहे. ज्यांच्या गावात नाही, त्यांनी लक्षात ठेवावे की अहिल्याबाई होळकर योजनेत खेड्यातल्या मुलींना शाळेत जायला एस.टी.चा पास फुकट मिळतो. शाळेत विचारा, लाजू नका.

रविवारी संध्याकाळी बायको परत आली. सासूबाईंची शस्त्रक्रिया नीट झाली होती. तिने आधी गाय पाहिली, मग तवा. तवा बराच वेळ पाहत राहिली. भिंतीवरची यादी काढली आणि एकेका ओळीवर बोट ठेवून विचारू लागली. किल्लीच्या ओळीवर बोट आले तेव्हा मी बाहेर पावसाकडे पाहत होतो.

त्यानंतर मी एक केले. माझ्याकडच्या गावांत जिथे जमेल तिथे सभा रात्री साडेआठला, जेवणे झाल्यावर, देवळात किंवा शाळेच्या पडवीत ठेवायला लागलो. वरिष्ठांनी आधी विचारले की रात्रीच्या सभेचा प्रवासभत्ता कसा बसवायचा. तो कसाबसा बसला. पहिल्या रात्री चौदा बाया आल्या, निम्म्या जणींच्या मांडीवर पोरे झोपलेली. मी गोणपाटाचा प्रयोग करून दाखवला. मागून एक वयस्क बाई म्हणाली, "साहेब, सगळं खरं. पन दिवसा आमी वावरात असतो, तवा पानी शिंपडते कोन?"

मी उत्तर द्यायच्या आधीच पुढे बसलेला एक तिसरी-चौथीतला मुलगा म्हणाला, "मी शिंपडतो ना, आजी. शाळा बारालेच सुटते."